खडूने लिहिलेला एक ग्लास

"एकटीच ना?" काउंटरमागच्या बाईने विचारलं, आणि माझ्या नाकावर कायम मुक्कामाला असलेला राग तिथल्या तिथे जागा झाला.

"मोजून घ्या," मी म्हणाले.

"मग तुझ्यासाठी एक ग्लास आलेला आहे, पोरी." तिने अंगठ्याने पाठीमागचा काळा फळा दाखवला.

आमच्या मोंटानात, बिअर बनवून तिथेच पाजणाऱ्या बऱ्याच ब्रुअरींमध्ये असा फळा असतो. समोर नसलेल्या माणसासाठी आगाऊ पैसे भरून एक ग्लास ठेवायचा आणि खडूने लिहून टाकायचं. 'रात्रपाळीच्या नर्सला, शेरिफकडून.' 'ज्याचा ट्रॅक्टर आज बंद पडला त्याला, शेजाऱ्याकडून.' तो माणूस कधीतरी येतो, वाचतो, हसतो, पितो. किंग्सली गावच्या त्या फळ्यावर सगळ्यांच्या खाली, जरा तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : 'एकट्या बसलेल्या माणसाला. ऑरिनकडून.'

बाहेर पावसात बर्फ मिसळून पडत होता. रस्त्यापलीकडे धान्याचं उंच कोठार, त्याच्यामागून जाणारी मालगाडी... संपतच नव्हती मेली. आत चार-पाच टेबलं, एक म्हातारा कुत्रा, फुकटचे पॉपकॉर्न. आणि माझ्यासमोर लाकडी फळीवर मांडलेले चार छोटे ग्लास. पिवळा, तांबूस, तपकिरी, काळा.

चार, कारण आम्ही मैत्रिणी चौघी होतो. दर ऑक्टोबरात एक आठवडा काढायचा, हायवे टू धरून पूर्वेला निघायचं, वाटेतल्या गावागावातली ब्रुअरी गाठायची आणि चार चवींची फळी चौघींत फिरवायची. आधी डार्लाला जुळं झालं. मग मे डेन्व्हरला गेली. यंदा निघायच्या आदल्या दिवशी ट्रूडीचा फोन. "सिग्नी, राग मानू नकोस हं, पण तो नवीनच आहे गं, आणि त्याला नेमकी याच आठवड्यात सुट्टी..." मी राग मानला नाही. मी गाडीत पेट्रोल भरलं आणि निघाले.

एकटीने चार छोटे ग्लास पिणं काही अवघड नसतं. अवघड होतं ते दुसराच ग्लास फार सुंदर निघाला की. "अगं, ही घेऊन बघ!" म्हणून हात पुढे जातो आणि समोर मिठाची बाटली असते.

"कोण हा धर्मात्मा?" मी त्या बाईला विचारलं. तिचं नाव बेव्ह.

"त्यालाच विचार की. बसलाय तिकडे."

काउंटरच्या पार टोकाला एक उंच माणूस बसला होता. पस्तिशीचा असेल. टोपी गुडघ्यावर, केस टोपीने दाबून चपटे झालेले, हातात आल्याच्या सोड्याचा ग्लास. त्याने आमचं सगळं ऐकलं होतं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

"एकटा माणूस म्हणजे बिचारा, असं काही आहे का तुमच्याकडे?" मी तिथूनच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. उत्तर द्यायची त्याला घाई नव्हती. "एकटा माणूस म्हणजे शेजारची खुर्ची रिकामी. एवढंच."

"मग हा ग्लास तुम्हीच का नाही घेत? तुमच्या शेजारचीही रिकामीच दिसतेय."

"मला ट्रक चालवायचाय."

"कुठवर?"

"बराच लांब," तो म्हणाला.

बेव्हने फडकं उचललं आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला निघून गेली.

"ठीक आहे, पिते," मी म्हणाले. "पण उपकार म्हणून नाही. तपासणी म्हणून. बिअर बनवणं हा माझा धंदा आहे." ग्लास आला. मी तो दिव्यासमोर धरला, वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला. "हं! पावाची भाजलेली कड... मागून थोडा मध, आणि अगदी शेवटी—"

"तुमच्या केसांत बर्फ आहे," तो मध्येच म्हणाला.

"काय?"

"उजवीकडे. वितळेल आता." आणि मग, जरा थांबून, "वितळला."

असं मध्येच तोडलेलं मला एरवी मुळीच खपत नाही. पण ज्याने आपल्या केसातला बर्फ वितळेपर्यंत पाहिला त्याच्यावर चिडायचं तरी कसं?

"सिग्नी," मी म्हणाले.

"ऑरिन."

"वाचलंय," मी फळ्याकडे बोट केलं, आणि तो हसला. हसताना तो खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी लोदर गावच्या ब्रुअरीपाशी मी गाडी लावली, तर मागच्या दाराला एक पांढरा ट्रक उभा, आणि ऑरिनच्या खांद्यावर गोणी.

"पाठलाग करताय माझा?"

"मी सकाळपासून इथे आहे," गोणी खाली ठेवत तो म्हणाला. "मागून तुम्ही आलात."

ते खरंच होतं, म्हणून मी विषय बदलला. म्हणजे बदलणार होते, तेवढ्यात गोणीवरचा शिक्का दिसला. लाल रंगात चोच उघडलेला चंडोल पक्षी. बिअरसाठी मोड आणून भाजलेल्या बार्लीची, म्हणजे माल्टची, गोणी होती ती.

"टॅली गावचा माल्ट! हा तुमचा?"

"घरची बार्ली, घरचाच माल्ट. बहीण आणि मी."

"अहो, मिसूलाच्या ब्रुअरीत होते तेव्हा मी वर्षानुवर्षं याच गोण्या फोडल्यात. कोपरापर्यंत हात घातलेत यात!"

त्याचे कान पुन्हा लाल झाले. आपण काय बोललो ते माझ्याही जरा उशिराने लक्षात आलं. मग आम्ही दोघांनीही त्या चंडोलाकडे फार मन लावून पाहिलं.

"बार्ली पिकवायची, भिजवायची, भाजायची, गावोगाव पोचवायची... आणि प्यायची नाही?"

"बार्ली धान्य आहे. तिचा काय दोष?" तो म्हणाला आणि पुढची गोणी उचलली.

माझा रस्ता तोच त्याचा रस्ता. तो सकाळी निघायचा, मी उठून कॉफी घेऊन दुपारी. मी पोचेपर्यंत त्याच्या गोण्या उतरलेल्या असायच्या, आणि तो 'सहज' थांबलेला असायचा. प्रत्येक गावच्या फळ्यावर तिरक्या अक्षरातली तीच ओळ. मी फळी मागवायची, त्याने आल्याचा सोडा. चवीचं मी काही सांगायला लागले की तो विषय हळूच दुसरीकडे वळवायचा. मला वाटलं, बिचाऱ्याला त्यातलं कळत नसेल. गाढवापुढे वाचली गीता, असंही एकदा मनात आलं, आता आठवलं की लाज वाटते.

पण बाकी जे विचारायचा! तसलं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. घरी कुणी नसताना सकाळी काय खातेस? मोटेलात झोप लागते का? लहानपणी कुणाची भीती वाटायची? बोलता बोलता कधीतरी 'तुम्ही' गळून पडलं आणि दोघांपैकी कुणीच ते उचललं नाही.

"मोटेलात टीव्ही चालू ठेवून झोपते," मी खरं ते सांगितलं. "आवाज बारीक करून. कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं."

"मी रेडिओ," तो म्हणाला. "हवामानाचा. वाऱ्याचा वेग सांगत असतात रात्रभर. उगाच आपलं."

"आवडतं?"

"नाही. पण ती बाई बोलते छान."

"आता मला त्या बाईचा हेवा करायला लावणार तू!"

"तिला म्हणावं, तुझी नोकरी धोक्यात आहे," तो म्हणाला आणि पॉपकॉर्नच्या पिशवीच्या घड्या घालायला लागला. इतक्या बारीक घड्या की ती पिशवी पुढे कुणाच्याच कामाची राहिली नाही.

त्याला मी नॉर्बीचंही सांगितलं. मिसूलाची माझी ब्रुअरी उन्हाळ्यात बंद पडली होती, आणि हायवेच्या पार पूर्वेच्या टोकाला, नॉर्बी नावाच्या गावात, हँक नावाच्या माणसाला बिअर बनवणारं कुणीतरी हवं होतं. सगळं माझ्या हातात देणार होता तो. कुठली बनवायची, कशी बनवायची, सगळं. रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"नॉर्बीत वाऱ्याशिवाय कुणी राहत नाही," ऑरिन म्हणाला.

"म्हणूनच तर मला बोलावतायत. पण तिथे मी एका माणसाला ओळखत नाही रे. काम हवंय मला, फार हवंय. नुसतं कामच मिळणार असेल, तर मात्र..."

"माझी शेवटची फेरी नॉर्बीला असते," तो पिशवीकडे बघत म्हणाला.

बेल रिजला आम्ही शेवटपर्यंत बसलो. शेवटपर्यंत म्हणजे आठपर्यंत. आमच्याकडे ब्रुअरीत माणशी तीन ग्लास आणि आठ वाजता नळ बंद, कायदाच आहे तसा. त्या दिवशी तिथली काळी बिअर अशी काही जमली होती की मी तीनही ग्लास तिचेच घेतले. गाडी तिथेच ठेवून चालत मोटेलवर जायचं ठरलं होतं. चार पावलांवर तर होतं.

तो सोडायला आला. भुरभुर बर्फ पडत होता, दिव्याखाली पिठासारखा दिसत होता. मोटेलच्या दाराशी आम्ही थांबलो. त्याने त्याच्या बाहीने माझ्या खांद्यावरचा बर्फ झाडला, एकदा, मग उगाच पुन्हा एकदा. मी मान वर केली. तो खाली वाकला. त्याचा श्वास माझ्या गालाला लागला, इतका तो जवळ होता... आणि मग त्याने तोंड फिरवलं.

"सांभाळून राहा," तो म्हणाला. वळला आणि ट्रककडे चालायला लागला. जवळजवळ पळतच.

मी खोलीत गेले, टीव्ही लावला आणि आवाज मुद्दाम मोठा केला. मला फार वाईट वाटलं. चुंबनाचं सोडा, चुंबनं काय, मिळतात. सकाळी काय खातेस असं विचारणारा माणूस मला हवा होता, आणि तो माझ्यापासून दोन बोटांवर येऊन परत गेला होता. तेहतीस वर्षांची बाई उशीत तोंड खुपसून रडते तेव्हा शेजारच्या खोलीत ऐकू जातं का, याचाही मी तेव्हा विचार केला.

सकाळी डोळे सुजलेले होते, पण डोकं साफ होतं. मी रुसून बसणाऱ्यांतली नाही. मी म्हटलं, माणूस लाजरा आहे. मनातलं बोलत नाही, पिशव्यांच्या घड्या घालतो, सगळ्या जगाला ग्लास पाजतो, आणि त्याच्यासाठी? या अख्ख्या रस्त्यावर एका तरी फळ्यावर त्याचं नाव कुणी लिहिलंय? मी पाहिलं होतं. कुठेच नव्हतं. अख्ख्या मुलखाला एवढंसं सुचू नये!

पुढचं गाव टॅली, त्याचं स्वतःचं. मी त्याच्याआधी पोचले. ब्रुअरी जुन्या अग्निशमन केंद्रात होती, शनिवार म्हणून गर्दी. आजोबा, आज्या, जमिनीवर रांगणारी पोरं, टेबलाखाली कुत्री. काउंटरवरच्या उंच बाईकडे मी एक पिवळी मागितली, वर पैसे ठेवले आणि म्हटलं, "हे फळ्यासाठी." ती हसून "लिही की" म्हणाली आणि मागे पिंप बदलायला गेली.

मी खडू घेतला. चांगल्या मोठ्या अक्षरात लिहिलं : 'ऑरिनला. जो सगळ्यांना देतो आणि ज्याला कुणी देत नाही. एक ग्लास काळी. सिग्नीकडून.' आणि आता लपवून काय उपयोग, म्हणून खाली एक बदाम काढला.

हात झटकून मागे वळले तर खोलीतलं बोलणं थांबत चाललं होतं. आधी जवळचं टेबल. मग त्यामागचं. एका आजोबांनी घसा खाकरला आणि स्वतःच्या ग्लासात पाहिलं. पोरं तेवढी ओरडत होती.

उंच बाई बाहेर आली. तिने फळा वाचला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो... का?"

"पुसते मी."

"अहो, पण पैसे दिलेत मी!"

"पैशाचं नाही गं." ती काउंटरच्या बाहेर आली, माझ्या अगदी जवळ, आणि आवाज खाली आणला. "मी लॉर्ना. ऑरिन माझा भाऊ आहे. त्याने दारू सोडलीय. वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही त्याने. ते आधीचं... बायको गेली सोडून, ट्रक गेला नाल्यात, मीच काढलं त्याला त्यातून. या गावात कुणी त्याच्या नावाने पाणीसुद्धा ग्लासात ओतत नाही. तुला बोलला नाही तो?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. माझ्या हाताला खडू लागलेला होता, आणि तो कुठे पुसावा ते मला कळेना.

लॉर्नाने फडकं उचललं, तेवढ्यात दार उघडलं. वारा आत आला आणि वाऱ्याबरोबर ऑरिन.

मोठ्या अक्षरात लिहिण्याचा हाच एक तोटा. दारातूनच वाचता येतं.

त्याने टोपी काढली. वाचलं. पुन्हा वरून वाचलं. सगळं गाव आपापल्या ग्लासात काहीतरी शोधत होतं.

"ऑरिन, ती माझ्या नावावर कर रे," मघाचे आजोबा म्हणाले. "माझा तिसरा अजून बाकी आहे."

"तुम्ही गप्प बसा हो, गस!" लॉर्ना ओरडली.

"बदाम कुणी काढलाय?" ऑरिनने विचारलं.

"मी," मी म्हणाले. आवाज निघाला की नाही देव जाणे.

"एका बाजूला कललाय."

कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कुणी, आणि खोलीने श्वास सोडला. "पुसू नकोस," तो लॉर्नाला म्हणाला. "आजचा दिवस राहू दे." मग नेहमीचा सोडा मागितला. त्याने ग्लास उचलला आणि तो फळ्याकडे पाठ करून बसला. ती पाठ पाहिली आणि मी बाहेर पडले.

बाहेर मैदानात वारा नुसता पिसाटला होता. गाडीची किल्ली खिशात सापडेना. मागून पावलं आली.

"डाव्या खिशात आहे," तो म्हणाला. "तू नेहमी उजव्यात शोधतेस."

"पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?" मी वळून त्याच्यावरच ओरडले. "मी तुझ्यासमोर बसून ग्लासावर ग्लास... चवी सांगत होते तुला! मध काय, पावाची कड काय! आणि वर हे... सगळ्या गावासमोर!"

"सांगितलं असतं तर तू ग्लास लपवला असतास."

"लपवला असता तर बिघडलं काय असतं?"

"सगळेच लपवतात, सिग्नी. मी आत आलो की लोक हसायचे थांबतात. ग्लासावर हात ठेवतात, जसा काही मी हिसकावून घेणार आहे. आणि घरी बसून तरी काय करू? संध्याकाळी या मुलखात उजेड आणि माणसं एवढ्या एकाच ठिकाणी असतात. म्हणून जाऊन बसतो. फळ्यावर एक ग्लास ठेवतो, म्हणजे बसायला निमित्त राहतं." त्याने टोपी दोन्ही हातांत धरली होती, वारा ती ओढत होता. "तू ग्लास उजेडात धरलास आणि माझ्याकडे बघून हसलीस. मला वाटलं, चार दिवस... चारच दिवस असं कुणीतरी असू दे."

मी बाहीने डोळे पुसले.

"आणि परवा... बेल रिजला," तो म्हणाला. "मी तोंड फिरवलं ते तुझ्यापासून नाही. तुझ्या ओठांवर ती काळी बिअर होती. मला तिचा वास आला आणि मी घाबरलो. मला काय हवंय, तू की ती, ते त्या क्षणी मला सांगता येईना. असं असताना कुणाला जवळ घेऊ नये."

"परवा नाही. काल," मी म्हणाले. रडताना माणूस काहीही दुरुस्त करतो.

"मला ती रात्र फार मोठी गेली."

"मी सोडते," मी म्हणाले. "बिअर. सगळंच. नॉर्बीला नाही म्हणून कळवते. मला तू आवडतोस, ऑरिन. आवडतोस म्हणजे... आता बदाम काढून झालाय, आणखी काय सांगू!"

तो हसला, पण त्या हसण्यात आनंद फार नव्हता. "मलाही तू. त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, अख्ख्या टॅलीला कळलंय. पण तू सोडायची नाहीस. मी सोडली, कारण ती मला संपवत होती. तुला ती जगवते. ग्लास हातात घेतलास की कशी दिसतेस ते तू पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय. ते माझ्यापायी गेलं तर एक दिवस तू माझ्याकडे अशा नजरेने बघशील... मी ती नजर एकदा पाहिलीय. पुन्हा नको."

"मग आपलं काय?"

"नॉर्बीला हो म्हण. दर गुरुवारी माझा ट्रक येईल."

"आणि बाकीचे दिवस?"

त्याने टोपी डोक्यावर घट्ट बसवली. वारा मधून वाहत राहिला.

"आज किती झाल्या?" त्याने विचारलं, अगदी हळू.

"एकही नाही. ती पिवळी आत तशीच आहे. लॉर्नाला विचार."

"तुझ्यावर विश्वास आहे," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही. त्याच्या ओठांना आल्याचा तिखटपणा होता. काचेला नाक लावून गस आजोबा बघत होते ते मला दिसलं, पण मी डोळे मिटून घेतले.

नॉर्बीबद्दल तो खोटं बोलला नव्हता. इथे वारा राहतो, हँक राहतो, शाळेतल्या दोन बायका राहतात आणि मी राहते, ब्रुअरीच्या वरच्या खोलीत. खाली माझी पिंपं. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की दिवसचे दिवस मी हँकशिवाय कुणाशी बोलत नाही, आणि हँकही फारसा बोलत नाही. टीव्ही असतो.

हँकच्या ब्रुअरीला महिन्यातून एकदा माल्ट आला तरी पुरतो. ऑरिन दर गुरुवारी येतो. कधी कधी एकच गोणी घेऊन, दीडशे मैल. बुधवारी दुपारपासून मी चव घेणं बंद करते. "आमची ब्रुअर गुरुवारी चहावर असते," हँक गिऱ्हाइकांना सांगतो. "त्या दिवशी बिअर बिघडली तर दोष प्रेमाला द्या." मी केस धुते, कपडे बदलते, दात दोनदा घासते. ऑरिन दारात टोपी काढतो आणि आधी विचारतो, "सकाळी काय खाल्लंस?" आम्ही वरच्या खोलीत सूप करतो, खिडकीत बसतो, वाट्टेल ते बोलतो. तीन वाजले की तो उठतो. गुरुवारी संध्याकाळी टॅलीच्या चर्चच्या तळघरात त्याची, दारू सोडलेली माणसं जमतात. लोखंडी खुर्च्यांवर बसून कॉफी पितात, आणि आजही घेतली नाही एवढंच एकमेकांना सांगतात. ती बैठक त्याने चुकवावी असं मला एकदाही वाटलेलं नाही. तो जाऊ नये असं मात्र दर वेळी वाटतं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तो गेल्यावर मी खाली आले. एक पिंप सकाळपासून तयार होतं, माझ्यासाठी थांबलेलं. त्याच्याच शेतातल्या बार्लीचं. मी थोडी ओतून घेतली, दिव्यासमोर धरली आणि एक घोट घेतला.

आयुष्यात इतकी चांगली मी कधी बनवली नव्हती. मी उभीच राहिले. दुसरा घोट घेतला, खात्री करायला. मग एकटीच हसले, आणि मग आजूबाजूला पाहिलं. डार्लाला फोन केला असता तर जुळं रडत असतं. हँक पिऊन "बरी आहे" म्हणाला असता. मला सांगायचं होतं ते एकाच माणसाला, ज्याने ती बार्ली पेरली होती त्याला. आणि सगळ्या जगात त्याच एकाला मला ते सांगता येणार नव्हतं.

फोन वाजला तेव्हा ग्लास माझ्या हातातच होता.

"पोचलो," ऑरिन म्हणाला. "बैठकही झाली. काय करतेयस?"

"काही नाही. भांडी घासतेय."

त्याच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता, ती बाई वाऱ्याचा वेग सांगत होती. त्याने तो बंद केला.

"चांगली झालीय ना?" त्याने विचारलं.

"कशावरून?"

"तू गप्प आहेस."

मी ग्लास खाली ठेवला. "हो," मी म्हणाले. "फार चांगली झालीय, ऑरिन."

"सांगू नकोस," तो म्हणाला. "पण फोनही ठेवू नकोस."

मी ठेवला नाही.